नाकापेक्षा मोती जड

साताऱ्यात राहून गिटार वाजवणारा, आणि तीही सतारीच्या गावाकडून आलेला, अशी माझी आमच्या वर्गात ओळख आहे व ती मी नाकारीत नाही. सतार तयार होते मिरजेला, म्हणजे माझ्या घराजवळ. मी शिकतो साताऱ्याला. आणि हातात वाद्य आहे ते तिसऱ्याच मुलखातले. या त्रांगड्यावर आमचे मराठीचे सर गेली दोन वर्षे मनसोक्त हसत आले आहेत आणि त्यांच्या हसण्यात मीही सामील होत आलो आहे.

गेल्या स्नेहसंमेलनानंतर मात्र हा विनोद जरा मागे पडला आणि एक प्रश्न पुढे आला. प्रथम वर्षाची तीन-चार मुले-मुली मला गाठून विचारू लागली, "दादा, गिटार घेतलीय. रियाजासाठी ॲम्प्लिफायर कोणता घेऊ?" त्याच सुमारास संगीत मंडळासाठी एक भलामोठा ॲम्प्लिफायर विकत घ्यावा, अशी सूचना जिमखान्याकडे गेल्याचेही कानावर आले. हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकच आहे असे मला वाटते. मी काही या विषयातला तज्ज्ञ नव्हे. पण ठेच लागलेल्या माणसाला वाटेतला दगड नेमका कुठे आहे ते ठाऊक असते, एवढ्याच अधिकाराने हा लेख लिहीत आहे.

आधी ठेच कशी लागली ते सांगतो.

द्वितीय वर्षात असताना मी 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करीत होतो. मावसभावाने त्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार मला देऊन टाकली होती. वर्षभर चहा-वडापावावर काट मारून काही पैसे जमवले आणि एका मोडलेल्या वाद्यवृंदाकडून साठ वॉटचा, बारा इंची स्पीकरचा जुना ॲम्प्लिफायर विकत घेतला. तो खोलीवर न्यायला दोन माणसे लागली. मित्रमंडळी भोवती जमली. कुणी म्हणाले, "आता खरा कलावंत झालास!" मलाही ते खरे वाटले. वस्तू मोठी असली की माणसाला आपणही मोठे झालो असे वाटू लागते, हा आपला जुनाच रोग आहे.

माझी खोली मंगळवार पेठेत, एका जुन्या घराच्या माडीवर. खाली घरमालक आप्पा आणि काकू राहतात. त्या वर्षी काकू आजारी होत्या. पहिल्या संध्याकाळी मी आवाजाचे बटण एकाच्या आकड्यापर्यंत फिरवले मात्र, खिडकीची तावदाने थरथरू लागली. बटण एकाच्या खाली आणले तर आवाज असा येई, की जणू कुणी गोधडीत तोंड खुपसून बोलत आहे. मधला मार्गच नव्हता. तिसऱ्या दिवशी आप्पा जिना चढून वर आले. रागावले असते तर बरे झाले असते, पण ते हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुमचं वाजवणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण काकूंना दोन रात्री झोप नाही. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

ठरवायचे काय होते? ॲम्प्लिफायरवर चादर पडली आणि त्याचे टेबल झाले. त्यावर राज्यशास्त्राची पुस्तके चांगली राहत. एकदा वाटले, शहराबाहेर टेकडीवर जाऊन वाजवावे. पण 'चार भिंती'वर विजेचे बटण कुठले? खोलीच्या चार भिंतींत परवानगी नाही आणि बाहेरच्या 'चार भिंती'वर वीज नाही, अशी गत झाली. चार महिने बोटे तारांना लागली नाहीत. मग स्नेहसंमेलन आले. तो अवजड मोती आम्ही टेम्पोत घालून मंचावर नेला. आवाज दणदणीत आला यात शंका नाही. पण जी धून मला झोपेत येत होती तिच्यात माझी बोटे दोनदा अडखळली, आणि ते अडखळणेही तितक्याच दणदणीतपणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले. हशा झाला. मी मान खाली घालून उतरलो. पुढच्याच महिन्यात ॲम्प्लिफायर निम्म्या किमतीला गेला.

दोष वस्तूचा नव्हता. मंचासाठी बनवलेली वस्तू मी अभ्यासासाठी आणली, हा दोष माझा होता.

यानंतरच्या सुट्टीत मी घरी गेलो. आत्याच्या तानपुऱ्याची जवारी काढायची होती, म्हणून तिच्याबरोबर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. तंतुवाद्ये घडवण्याची ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लहानपणापासून मी या गल्लीतून कितीदा तरी गेलो असेन, पण तिथे थांबून पाहिले ते त्या दिवशीच.

कारागीर चाचा तानपुऱ्याच्या घोडीवर हलकेच कानस फिरवीत, तारेखालचे सूत किंचित पुढे-मागे सरकवीत, आणि तार छेडून कान जवळ नेत. छेडणे इतके हळू की मला दोन हातांवर ऐकू येईना. मी न राहवून विचारले, "चाचा, जोरात छेडून का बघत नाही?" ते मान वर न करता म्हणाले, "जोरात छेडली की सगळेच तानपुरे चांगले वाटत्यात, बाळ. हळू छेडल्यावर जो बोलतो, तो खरा."

मला जे चार महिने आणि वर्षभराची शिल्लक घालवून कळले नव्हते, ते या एका वाक्यात कळले. माझे सारे म्हणणे एवढेच आहे: रियाजाचा ॲम्प्लिफायर निवडताना तो किती जोरात ओरडतो हे पाहू नका; तो हळू आवाजात कसा बोलतो ते ऐका.

आता हे जरा उकलून सांगतो.

तानपुऱ्याचा किंवा सतारीचा भोपळा म्हणजे निसर्गाने दिलेला ॲम्प्लिफायरच. नुसत्या तारेचा आवाज तो काय असणार? तारेचे कंपन घोडीवाटे तबलीत व भोपळ्यात उतरते, आतली हवा हलते आणि तो झंकार भरून येतो. साध्या लाकडी गिटारच्या पोकळ पेटीचे कामही हेच. इलेक्ट्रिक गिटारला मात्र पेटी नाही. ती भरीव फळी आहे. तिच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन वाढते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती निघाली ती वाद्यवृंदात इतर वाद्यांपुढे गिटार ऐकू येत नव्हती म्हणून. तात्पर्य, इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे. उरलेले अर्धे म्हणजे ॲम्प्लिफायर. भोपळा न पाहता कुणी तानपुरा घेईल काय? मग गिटारवर सहा महिने विचार करायचा आणि ॲम्प्लिफायर मात्र दुकानदार देईल तो उचलायचा, हे कसे?

यातूनच पहिला सल्ला निघतो, आणि तो फुकटचा आहे. तुमची गिटार पोकळ पेटीची असेल तर रियाजाला ॲम्प्लिफायर लागतच नाही! मला विचारायला आलेल्यांपैकी निम्म्यांना मी हेच सांगून परत पाठवले. त्यांच्या गिटारला भोपळा जन्मतःच आहे. पेटीच्या गिटारला पुढे मंचासाठी ॲम्प्लिफायर घ्यायची वेळ आलीच तर तो 'अकूस्टिक' गिटारसाठी बनवलेला घ्यावा. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये वरचे, तीक्ष्ण स्वर मुद्दाम दाबलेले असतात. त्यातून पेटीचा मोकळा आवाज कोंदट वाटतो.

ज्यांची गिटार खरोखरच इलेक्ट्रिक आहे, त्यांनी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट वॉटची. आपल्याकडे वॉट हा आकडा किलोसारखा समजला जातो. जास्त तेवढे चांगले. कानाचा हिशेब तसा नाही. दहा वॉटचे वीस केले तर आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. उलट बाजूने पाहा: साठ वॉटऐवजी सहा वॉटचा घेतला तर आवाज एकदशांश होत नाही, फार तर निम्मा वाटतो. खोलीत वाजवायला एक ते दहा वॉट पुष्कळ झाले. आणि हे मी एकटाच म्हणतो असे नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. माणसांचे साधे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास जाते, म्हणजे काय ते समजावे.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या आकाराची. लहान घ्या म्हटले की काही जण खिशात मावेल असा, दीड-दोन इंची स्पीकरचा डबा आणतात. तो प्रवासाला, मौजेला ठीक. पण गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. एवढा खर्ज इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. आवाज डब्यातल्या माशीसारखा येतो आणि आपल्या अंगठ्याची तार दबली की चुकली हेच कळत नाही. पाच ते आठ इंची स्पीकर आणि त्याला शोभेलशी लाकडी पेटी हा चांगला मध्यममार्ग. ही कल्पना काही नवी नाही. बॅटरीवर चालणारा, पाच इंची स्पीकरचा 'पिगनोझ' नावाचा लहानसा ॲम्प्लिफायर अमेरिकेत १९७३ साली निघाला, आणि नामवंत वादकांनीही तो प्रवासात व मुक्कामाच्या खोलीत जवळ बाळगला. आज रोलंडचा 'मायक्रो क्यूब', बॉसचा 'कटाना मिनी', ब्लॅकस्टारचा 'फ्लाय' अशी त्याची बरीच भावंडे मिळतात. नावे मी जाहिरातीसाठी नव्हे, तर दुकानात काय मागावे ते कळावे म्हणून देत आहे.

तिसरी गोष्ट, हेडफोनचे भोक. हे नसेल तर बाकी सगळे असून उपयोग नाही. भाड्याच्या खोलीत, वसतिगृहात, किंवा एका खोलीत सहा माणसे झोपतात अशा घरात राहणाऱ्याचा रियाज याच भोकावर अवलंबून असतो. हेडफोन लावल्यावर स्पीकर पूर्ण बंद होतो की नाही, एवढे दुकानातच तपासा. मात्र हेडफोन लावला म्हणजे कानाचे भान सोडायचे असे नव्हे. शेजाऱ्याचे कान वाचवताना स्वतःचे घालवू नयेत. आवाज कमीच ठेवावा आणि मधूनमधून कानांना विश्रांती द्यावी.

चौथी गोष्ट विजेची. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि पुष्कळ जण शनिवारी-रविवारी गावी जातात. सहा पेन्सिल सेलवर किंवा घरी भरता येणाऱ्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर असला तर तो पॅसेंजरमधून मांडीवर घेऊन नेता येतो. कोरेगाव-कराड-किर्लोस्करवाडी करीत मी माझा तसाच नेतो. विजेवर चालणारा घेतलात तर तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन मोडू नका. घरात अर्थिंग नसेल तर घुंऽऽ असा आवाज येतो. पुष्कळ जण त्यासाठी वस्तूला दोष देतात, पण दोष भिंतीतल्या वायरींचा असतो. तो दुरुस्त करणे हे आवाजासाठी आणि जिवासाठीही आवश्यक आहे.

पाचवी गोष्ट, मोबाइल जोडण्याची सोय. यातून तानपुरा, लेहरा, तालयंत्र किंवा मूळ गाणे लावून त्याच्यासोबत वाजवता येते. बंगलोरमध्ये १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण एकट्याने रियाज करणाऱ्या किती तरी जणांना त्याने सोबत दिली. तीच सोबत आज खिशातल्या फोनमध्ये आहे. जोडणी मात्र शक्यतो वायरने करावी. गाणे ऐकायला ब्लूटूथ चालेल. पण ब्लूटूथचा हेडफोन लावून गिटार वाजवाल तर बोट आधी पडते आणि स्वर मागाहून येतो. लय शिकायला निघालेल्या माणसाला याहून वाईट गुरू नाही.

सहावी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, स्वच्छ आवाजाची. या यंत्रांवर 'गेन' नावाचे एक बटण असते. ते वाढवले की स्वर फाटतो, खरखरतो आणि लांबतो. त्या आवाजाची एक धुंदी आहे आणि रॉक संगीतात त्याला मानाचे स्थान आहे, हे मला मान्य आहे. पण शिकाऊ माणसाच्या हातात ते बटण म्हणजे परीक्षेतली कॉपी! कुठली तार अर्धवट दाबली गेली, कुठला स्वर उशिरा आला, सगळे त्या खरखरीत झाकले जाते. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपल्याकडे म्हणतातच. म्हणून दुकानात गेल्यावर गेन अगदी खाली आणा, आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवा आणि एकेक तार हळू छेडा. सहाही तारा वेगवेगळ्या, स्पष्ट ऐकू आल्या तर वस्तू घ्यावी. दुकानदार मोठ्याने वाजवून दाखवील तेव्हा मिरजेचे चाचा आठवावेत.

राहता राहिली एक काटकसरीची वाट. घरच्या म्युझिक सिस्टिमला किंवा गणपती मंडळाच्या कर्ण्याला गिटार जोडून काम भागवता येईल का? आवाज येतो, पण तो गिटारचा नसतो. गिटारच्या वेटोळ्यातली वीज इतकी अशक्त असते की तिला आत घ्यायला विशिष्ट प्रकारचे दार लागते. साध्या सिस्टिमच्या दारात तिचा तजेला निघून जातो. त्यापेक्षा ज्यांच्याकडे पैसे खरोखरच नाहीत त्यांनी गिटारच्या शेपटीत बसणारा, फक्त हेडफोनवर चालणारा चिमुकला ॲम्प्लिफायर घ्यावा. तो स्वस्त असतो आणि रियाज थांबत नाही. रियाज थांबत नाही, हेच मोल आहे.

आता आक्षेपांकडे वळू.

एक आक्षेप आमच्या वडीलधाऱ्यांचा. सतार-तानपुऱ्याच्या मुलखातल्या मुलांनी हे परदेशी वाद्य कशाला उचलायचे? या आक्षेपामागची कळकळ मी जाणतो. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले आणि १९३७ साली ज्या मिरजेच्या मातीत विसावले, तिथल्या माणसाला ही कळकळ असणारच. पण वाद्याची जात जन्मावर ठरत नाही, संगतीवर ठरते. हार्मोनियमही परदेशातूनच आली. १९४० साली तिला आकाशवाणीवर बंदी झाली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. आज हार्मोनियमशिवाय आपले भजन तरी उभे राहते का? गिटारवर ब्रिजभूषण काब्रांनी राग वाजवला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर आणि बासरीच्या मांडीला मांडी लावून बसली. विश्वमोहन भटांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते गिटारमधूनच घडवलेल्या मोहनवीणेच्या वादनासाठी. तेव्हा वाद्य परके आहे की नाही, हे वाजवणाऱ्याच्या रियाजावर सोडावे हे बरे.

दुसरा आक्षेप आमच्या वाद्यवृंदातल्या मित्रांचा. लहान ॲम्प्लिफायर मंचावर काय कामाचा? याचे उत्तर सोपे आहे. त्याच्यापुढे एक माइक ठेवायचा. मोठमोठे वादकही मंचावर ॲम्प्लिफायरसमोर माइक ठेवतात आणि सभागृहाला ऐकू जाते ते सभागृहाच्या स्पीकरमधून. तो स्पीकर स्नेहसंमेलनाला साउंडवाल्याकडून येतोच. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियमवर पंचावन्न हजार लोकांपुढे बीटल्स वाजवायला उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ शंभर-शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर होते. तरी प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात त्यांचे त्यांनाच नीट ऐकू येत नव्हते. आवाजाच्या शर्यतीला अंत नाही. आपल्या मिरवणुकांतल्या आवाजाच्या भिंती पाहून हे आपल्याला न्यूयॉर्कहून शिकायची गरज नाही.

हे सारे सांगण्याचे कारण जिमखान्यापुढची ती सूचना. मंडळासाठी एकच मोठा ॲम्प्लिफायर घेतला तर काय होईल ते मी सांगतो. वर्षातून तीन दिवस तो मंचावर मिरवेल. उरलेले तीनशे बासष्ट दिवस कपाटात राहील, आणि किल्ली ज्यांच्याकडे असेल ते सर रजेवर असतील! त्याच रकमेत हेडफोनची व बॅटरीची सोय असलेले दोन-तीन लहान ॲम्प्लिफायर येतील. माझी विनंती अशी आहे की ते घ्यावेत आणि ग्रंथालयातून पुस्तके देतात तसे, कार्डावर, एकेका आठवड्यासाठी विद्यार्थ्यांना द्यावेत. सेल ज्याचे त्याने आणावे. वस्तू मोडली तर पुस्तक हरवल्यावर भरतो तसा दंड भरावा. ग्रंथालयात दोन वर्षे काम केलेला माणूस म्हणून सांगतो, विद्यार्थी समजतात तेवढे बेजबाबदार नसतात. एका हाताने दुसऱ्या हाती जाणारी पुस्तके कपाटातल्या पुस्तकांपेक्षा जास्त दिवस टिकलेली मी पाहिली आहेत. कपाटातल्यांना वाळवी लागते.

प्रश्न केवळ गिटारचाही नाही. आमच्या महाविद्यालयात जावळीतून, पाटणमधून, खटाव-माणमधून मुले येतात. कुणाच्या मामाने जुनी गिटार दिलेली असते, कुणी शेतीच्या कामाच्या मजुरीतून घेतलेली असते. पुढचे अर्धे वाद्य घ्यायची ऐपत नसते आणि वाजवायला जागा नसते. अशी मुले वर्षभरात गिटार भिंतीला टांगून मोकळी होतात, आणि आपण म्हणतो की मुलांत चिकाटी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवांकडे विद्या घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती चार लोकांच्या मुलांसाठी खुली केली. साधने मूठभरांच्या हातात राहिली तर विद्याही तिथेच राहते, हे त्यांनी ओळखले होते. आपण तर केवळ कपाटाची किल्ली सैल करा एवढेच म्हणत आहोत.

माझ्याकडे आता पाच इंची स्पीकरचा एक लहानसा ॲम्प्लिफायर आहे. पुस्तकांच्या पिशवीशेजारी तो सहज मावतो. संध्याकाळी अर्धा तास हळू आवाजात आणि रात्री जेवणानंतर तासभर हेडफोन लावून मी वाजवतो. गेल्या महिन्यात भाडे द्यायला खाली गेलो तेव्हा काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांची प्रकृती आता बरी आहे. आप्पांनी पैसे मोजून घेतले आणि जरा संकोचूनच विचारले, "हल्ली वाजवणं सोडलंत का हो?"

मी म्हणालो, "नाही आप्पा, रोज वाजवतो."

येत्या स्नेहसंमेलनात मी पुन्हा मंचावर उभा राहणार आहे. तीच धून वाजवणार आहे. तोपर्यंत जिमखान्याने आपला निर्णय घेतलेला असावा आणि माझ्याबरोबर मंचावर आणखी दोघे-तिघे असावेत, एवढीच इच्छा आहे.